क्लेशाची तालीम
रक्तदाब मोजण्याचा नित्य परिचयाचा पट्टा माझ्या दंडास बांधून एका डॉक्टर स्नेह्यांनी हवा भरण्यास आरंभ केला, आणि आकडा २०० वर पोहोचून मनगटाची नाडी लुप्त झाली, तेव्हा एरवी लगेच सैल होणारा हा पाश आज ५ मिनिटांची मुदत भरेपर्यंत सुटणार नाही, या जाणिवेने मन किंचित बिचकले. आरंभी विशेष काही घडले नाही. पुढे तळहात पांढुरका पडला, बोटांना मुंग्या आल्या आणि एक जड, बधिर वेदना दंडापासून खाली उतरत गेली. हवा सोडताच रक्त परत धावले व तोच तळहात लालबुंद, उष्ण झाला. तितकीच विश्रांती, पुन्हा पाश. अशी ५ आवर्तने.

हाताच्या या छळाचा मेंदूशी संबंध काय? थोडा क्लेश आधी सोसलेला अवयव पुढचा मोठा आघात सोसू शकतो, या विचाराचा उगम हृदयाच्या अभ्यासात आहे. १९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी ५-५ मिनिटे चार वेळा रोधून मग ४० मिनिटे बंद ठेवली, तेव्हा अशी तालीम न मिळालेल्या हृदयांच्या मानाने मृत भाग सुमारे चतुर्थांशच भरला. १९९० साली ओसाकाच्या कितागावा प्रभृतींनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूत दाखवून दिले, की २ मिनिटांची रक्ताची उपासमार एक-दोन दिवस आधी सोसलेल्या स्मृतिकेंद्रातील पेशी, एरवी ज्या ५ मिनिटांच्या रक्तरोधाने मरावयाच्या, त्या पुष्कळशा तगून राहतात. हा एक-दोन दिवसांचा अवधी आवश्यकच, कारण संरक्षणाची नवी प्रथिने घडविण्यास पेशीला वेळ लागतो.

परंतु पक्षाघात काही नोटीस बजावून येत नाही, आणि मेंदूची धमनी मुद्दाम रोधणे तर अविचारच. म्हणून रक्तरोध हातावर करावयाचा, तोही बहुधा आघातानंतर, अशी तजवीज निघाली. चीनमधील मोठ्या चाचणीत (२०२२) उत्तम सुधारणा झालेल्या रुग्णांचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ६७.४ वर गेले. डेन्मार्कच्या चाचणीत (२०२३) मात्र लाभ आढळला नाही. रुग्णांची निवड, आरंभाची वेळ व उपचाराचा कालावधी दोन्हीकडे भिन्न होता, हे खरे. तरीही प्राण्यांत इतके ठळक दिसलेले संरक्षण माणसात इतके डळमळावे, यावरून हा उपचार अद्याप प्रयोगाच्याच अवस्थेत आहे, असे माझे मत झाले. तेव्हा तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा वाचा अडखळणे यांपैकी काहीही दिसताच घरी पट्टा आवळीत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण गुठळी विरघळविणारे औषध देण्याची प्रचलित मुदत साडेचार तासांचीच आहे.