डाव्या पायाला सुटी, उजव्याला नाही!

गेल्या वर्षी भाच्याबरोबर इटलीतील मारानेल्लो गावी जाण्याचा योग आला. फेरारी मोटारींचा कारखाना याच गावी आहे. तेथे पैसे भरून फेरारी चालवावयास मिळते. शेजारी त्यांचा माणूस बसतो. भाच्याच्या आग्रहाने मी ‘एफ ४३०’ चालवली. मला वेगापेक्षा कुतूहल होते ते माझ्या डाव्या गुडघ्याचे. क्लच दाबून दाबून तो रोज संध्याकाळी ठणकतो.

या गाडीला क्लचचे पेडल नव्हतेच. स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. क्लच आत असतोच. पण तो दाबण्याचे काम संगणकाच्या हुकमाने तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते. फेरारीने ही सोय १९८९ साली शर्यतीच्या आणि १९९७ साली रस्त्यावरच्या गाडीत आणली. आपल्याकडे २०१४ साली आलेल्या सेलेरिओ एएमटीचे तत्त्वही हेच.

वीस मिनिटांत गुडघा अजिबात दुखला नाही. उतरताना मात्र कंबर धरली, कारण आसन अगदी जमिनीलगत!

तेव्हा आमच्या गावचे एक शिक्षक आठवले. पोलिओने त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. ‘डॉक्टर, मला मोटार चालवता येईल का?’ असे त्यांनी पूर्वी विचारले होते आणि मी न तपासताच ‘नाही’ म्हणालो होतो. ती माझी चूक होती. परतल्यावर त्यांना बोलावून तपासले. उजव्या पायाची ताकद, नजर, मान, सारे उत्तम. आता ते आरटीओकडे रीतसर परवान्याच्या खटपटीत आहेत.

मात्र वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अशा गाडीत ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच दाबावेत. डाव्या पायाला क्लच जोरात दाबण्याची सवय असते. त्याने ब्रेक दाबला तर गाडी गचकन थांबते. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर पेडल नीट जाणवत नाही. अशांनी तपासणीशिवाय गाडी चालवू नये. अर्धांगवायूनंतर पायात बळ आले तरी एका बाजूचे दिसणे कमी झालेले असू शकते. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी खोल आसन टाळावे. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढावेत, मग उठावे.

गिअर यंत्र बदलील. ब्रेक मात्र आपल्यालाच दाबायचा आहे.