मात्तेओ रिच्ची व त्याचा चिनी स्नेही

मिशनऱ्यांच्या इतिहासात धर्मांतरांची गणना होते. मैत्रीची सहसा होत नाही. इटालियन जेझुइट मात्तेओ रिच्ची १५८३ मध्ये चीनमध्ये आला व प्रारंभी बौद्ध भिक्षूच्या वेषात वावरला. १५८९ मध्ये शाओचौ येथे छ्यू रुख्वेइ त्याच्याकडे आला, तो किमया शिकण्यासाठी. मोठ्या अधिकाऱ्याच्या या मुलाने त्याच नादात वडिलार्जित संपत्ती गमावली होती; आणि हे परदेशी पाऱ्याची चांदी करतात, अशी वदंता होती! त्याला मिळाला युक्लिड, आणि तो त्यातच रमला. भिक्षूंना पंडितवर्गात प्रतिष्ठा नाही, हे छ्यूने रिच्चीच्या मनावर बिंबविले. १५९५ मध्ये रिच्चीने पंडितवेष स्वीकारला. त्याच वर्षीचा त्याचा पहिला स्वतंत्र चिनी ग्रंथ मैत्रीविषयी आहे. छ्यूचा बाप्तिस्मा झाला तो मात्र १६०५ मध्ये.