फवारणी यंत्राचा कार्बुरेटर : रचना, कार्य आणि दुरुस्ती

शेतीच्या कामात लहान इंजिनांचा वापर वाढला असून पाठीवर घेऊन चालवावयाचे फवारणी यंत्र हे त्यांपैकी अतिशय परिचित साधन होय. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या दक्षिण भागात असलेल्या गंधवानी तहसिलात कापूस हे खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. निमाडातील ही कपाशी सातपुड्यापलीकडे खानदेशात आणि पुढे विदर्भातही दिसते. पीक तेच, कीड तीच आणि फवारणीचे यंत्रही तेच. म्हणून गंधवानीच्या शेतकऱ्याची यंत्राविषयीची अडचण धुळे, जळगाव किंवा यवतमाळच्या शेतकऱ्याच्या अडचणीहून निराळी नसते.

मावा, तुडतुडे अथवा गुलाबी बोंडअळी यांचा उपद्रव नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचला की फवारणी वेळेवर होणे अगत्याचे असते. पावसाची उघडीप दोन-तीन दिवसांचीच मिळते. नेमक्या त्याच वेळी यंत्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडते, असा अनुभव अनेकांना येतो. इंजिन निकामी झाले असे समजून ते तालुक्याच्या गावी नेले जाते व उघडिपीचे दिवस निघून जातात. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी बिघाड इंजिनात नसून कार्बुरेटरमध्ये साचलेल्या घाणीत असतो. त्याची रचना समजून घेतल्यास तो शेतकऱ्याला गावातच साफ करता येतो.

टू-स्ट्रोक इंजिनाचे वैशिष्ट्य

फवारणी यंत्रावर बहुधा सुमारे ३५ घनसेंटिमीटर क्षमतेचे टू-स्ट्रोक इंजिन असते. अलीकडे फोर-स्ट्रोक इंजिनाचे व बॅटरीवर चालणारे पंपही वापरात आले आहेत. तथापि टू-स्ट्रोक यंत्रांचा वापर अद्याप सुरू आहे. या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जाताना त्याच्या खालच्या पेटीत पोकळी निर्माण होते आणि कार्बुरेटरमधून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. त्याच वेळी वरच्या बाजूस आधीचे मिश्रण दाबले जाऊन ठिणगीने पेट घेते. स्फोटाने पिस्टन खाली येतो, तेव्हा खालच्या पेटीतील ताजे मिश्रण बाजूच्या वाटेने वर चढते व जळालेला वायू बाहेर लोटते. अशा रीतीने दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होतो. मिनिटास सहा हजार फेरे होत असतील, तर सेकंदास शंभर स्फोट होतात.

या इंजिनात वंगणासाठी तेलाची स्वतंत्र टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी तेलच पिस्टन, सिलिंडर व बेअरिंग यांना वंगण पुरविते. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी मिळाले की तेलही कमी मिळते. शिवाय हवा जास्त आणि पेट्रोल कमी, अशा मिश्रणाने सिलिंडर अधिक तापतो. उष्णता वाढणे व वंगण घटणे ही दोन्ही संकटे एकदम येतात आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. कार्बुरेटरमधील क्षुल्लक कचऱ्याने संपूर्ण इंजिन जाम होऊ शकते ते याच कारणाने.

कार्बुरेटर काम कसे करतो

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. आकारमानाने पाहिल्यास एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. हे प्रमाण राखणे आणि पेट्रोलचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळणे हे कार्बुरेटरचे काम होय.

घरोघरी पूर्वी डासांसाठी वापरला जाणारा हातपंप पुष्कळांना आठवत असेल. दट्ट्या ढकलला की हवेचा झोत एका उभ्या नळीच्या तोंडावरून जाई आणि डबीतील औषध वर चढून त्याचे तुषार उडत. शाळेतही हा प्रयोग करता येतो. पाण्याच्या पेल्यात एक नळी उभी धरावी व दुसऱ्या आडव्या नळीने तिच्या तोंडावरून जोराने फुंकर मारावी; पाणी वर येऊन त्याचे तुषार होतात. कार्बुरेटरमध्ये हवेची वाट मध्यभागी अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये या परिणामाचे वर्णन प्रसिद्ध केले व म्हणून या अरुंद भागास व्हेंचुरी असे नाव पडले. कमी झालेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते.

मुख्य भाग

फ्लोटची वाटी : टाकीतून आलेले पेट्रोल या वाटीत साठते. वाटीतील फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. पातळी वाढली की तो वर उचलला जाऊन सुईने प्रवेशाचे छिद्र बंद करतो. घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू नळ बंद करतो, तशीच ही योजना आहे.

जेट : पितळेचा हा लहान स्क्रू असून त्याच्या मध्यभागी मोजून पाडलेले छिद्र असते. मुख्य जेट वेगात व कामाच्या भाराखाली पेट्रोल पुरवितो. इंजिन मंद चालत असताना स्वतंत्र लहान मार्गाने पुरवठा होतो.

स्लाइड व सुई : थ्रॉटलची तार ओढली की स्लाइड वर उचलली जाते आणि हवेची वाट मोठी होते. स्लाइडला जोडलेली निमुळती सुईही वर सरकते व पेट्रोलची वाट त्याच प्रमाणात मोकळी होते. सुईच्या वरच्या टोकास खाचा असून त्यांपैकी एकीत क्लिप बसविलेली असते. क्लिप खालच्या खाचेत बसविल्यास सुई उंच राहते व पेट्रोल वाढते. वरच्या खाचेत बसविल्यास पेट्रोल कमी होते.

चोक : थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढविण्यासाठी ही झडप असते. इंजिन गरम झाल्यावर ती पूर्ण उघडावी.

गवत व भात कापणीच्या ब्रशकटरवर आणि लाकूड कापण्याच्या करवतीवर बहुधा निराळ्या प्रकारचा कार्बुरेटर असतो. ही यंत्रे आडवी-तिरपी धरावी लागतात म्हणून त्यांत फ्लोटऐवजी लवचिक पडदा बसविलेला असतो. पडदा कडक झाला किंवा फाटला तर पेट्रोल येणे थांबते. असा पडदा दुरुस्त न करता नवा बसवावा.

दोष शोधण्याचा क्रम

कार्बुरेटर उघडण्यापूर्वी इतर सोपी कारणे पाहावीत. टाकीत पेट्रोल आहे किंवा नाही, पेट्रोलची चावी उघडी आहे काय, टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले आहे काय, हे प्रथम तपासावे. हे छिद्र बुजल्यास इंजिन काही मिनिटे चालून बंद पडते आणि झाकण सैल करताच पुन्हा सुरू होते. त्यानंतर हवेची जाळी साफ करावी.

पुढील साक्ष प्लग देतो. पुष्कळदा दोरी ओढूनही इंजिन सुरू झाले नाही, तर प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असल्यास पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. ओला असल्यास पेट्रोल जास्त येत आहे किंवा ठिणगी पडत नाही. चाललेल्या इंजिनाच्या प्लगचा तपकिरी रंग योग्य प्रमाण दर्शवितो. काळी, तेलकट काजळी म्हणजे पेट्रोल अथवा तेल जास्त. पांढरट रंग मात्र धोक्याचा समजावा. पेट्रोल कमी पडत असल्याची ती खूण असून असे इंजिन चालवीत राहू नये.

चोक अर्धा बंद ठेवल्यावरच इंजिन चालत असेल, तर जेट तुंबला आहे किंवा कार्बुरेटर आणि सिलिंडर यांमधील पॅकिंगमधून जादा हवा शिरत आहे. चोक लावून दिवस निभावून नेण्याची सवय घातक आहे, कारण मूळ दोष तसाच राहतो. याउलट कार्बुरेटरमधून पेट्रोल गळत असेल, तर सुईखाली कचरा अडकला आहे, सुईचे टोक झिजले आहे किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे. फ्लोट कानाजवळ हलवून पाहिल्यास आतील पेट्रोलचा आवाज येतो. असा फ्लोट बदलावा.

साफसफाई व जुळणी

यंत्र प्रथम साबणाच्या पाण्याने बाहेरून धुऊन वाळवावे, कारण त्यावर कीटकनाशकाचा अंश असतो. इंजिन थंड होऊ द्यावे. काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे व जवळ विडी-सिगारेट ओढू नये. चावी बंद करून पेट्रोल बाटलीत काढावे. सुटे भाग पांढऱ्या कापडावर किंवा ताटात, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने मांडावेत. मंद हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते लिहून ठेवावे. जुळणीच्या वेळी तेवढेच फेरे बाहेर ठेवावेत.

जेट स्वच्छ पेट्रोलमध्ये भिजत ठेवावा व सायकलच्या पंपाने हवा मारून मोकळा करावा. आवश्यक तर नायलॉनचा बारीक धागा वापरावा. तार किंवा टाचणी मुळीच घालू नये. ०.६० मिलिमीटर व्यासाचे छिद्र तारेने ०.६५ मिलिमीटर झाले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. परंतु इंजिन धूर ओकू लागते, पेट्रोल अधिक जळते आणि योग्य प्रमाण पुन्हा साधत नाही. रबरी भाग व पॅकिंग पेट्रोलमध्ये बुडवून ठेवू नयेत. कार्बुरेटरचा धातू मऊ असल्याने स्क्रू फार आवळू नयेत.

जेट तोंडाने फुंकण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी. पेट्रोल स्वतः विषारी आहे आणि फवारणी यंत्रावर तर औषधाचे थर बसलेले असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. औषध श्वासावाटे, त्वचेवाटे व तोंडावाटे शरीरात जाते. दुरुस्तीच्या वेळीही हातमोजे वापरणे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे.

जुळणीनंतर इंजिन पाच मिनिटे चालवून गरम करावे व मगच मंद गती ठरवावी. गळती नाही याची खात्री करूनच यंत्र पाठीवर घ्यावे.

इंधन व हंगामानंतरची काळजी

तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. पंचवीसास एक असे प्रमाण असल्यास एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटर तेल, आणि पन्नासास एक असल्यास २० मिलिलिटर तेल घालावे. मिश्रण वेगळ्या डब्यात तयार करून नीट हलवावे व मगच टाकीत ओतावे. बाटलीच्या झाकणाचे माप अंदाजाने वापरू नये.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलची विक्री देशात २०२३ पासून सुरू झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून अलग होऊन तळाशी बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. अशी टाकी तळापासून पेट्रोल पुरवीत असल्याने इंजिनाला प्रथम हा तेलरहित थर मिळतो. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व पॅकिंगही इथेनॉलने लवकर खराब होतात. याखेरीज इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागत असल्याने, पूर्वीच्याच जेटवर मिश्रण किंचित पातळ पडते. म्हणून प्लगच्या रंगाकडे पूर्वीपेक्षा अधिक लक्ष द्यावे.

कपाशीवरील फवारण्या संपल्यावर यंत्र पुढील पावसाळ्यापर्यंत कोपऱ्यात पडून राहते. निमाडच्या कडक उन्हाळ्यात वाटीतील पेट्रोल उडून जाते व मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. हाच थर जेट बंद करतो. यावरील उपाय फारसा खर्चाचा नाही. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी, चावी बंद करून इंजिन मंद गतीवर आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे व वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काढावे. प्लगच्या छिद्रातून तेलाचे काही थेंब सोडून दोरी दोन-तीन वेळा हळू ओढावी. पुढील हंगामात ताजे मिश्रण वापरावे आणि ते काही दिवसांपुरतेच तयार करावे.

कारागिरीची परंपरा टिकविण्याची गरज

धार जिल्ह्याचा टू-स्ट्रोक इंजिनांशी जुना संबंध आहे. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना ही लहान मोपेड बाजारात आणली आणि याच कंपनीने जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने १९८४ पासून धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे कायनेटिक होंडा स्कूटर तयार केली. या वाहनांवर अनेक कारागिरांचे हात तयार झाले. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे मिश्रण न जळताच धुराबरोबर बाहेर पडते. त्यामुळे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशी ही वाहने मागे पडली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत कार्बुरेटरची जागा इंधन फवाऱ्याने घेतली. साहजिकच तरुण कारागिराला कार्बुरेटर उघडण्याचे प्रसंग कमी येतात. शेतातील फवारणी यंत्र व ब्रशकटर मात्र अजूनही त्यावर अवलंबून आहेत.

ही विद्या गावात राहावी यासाठी मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. शिक्षकांनी वर नमूद केलेला नळीचा प्रयोग करून दाखवावा व एखादा जुना कार्बुरेटर वर्गात उघडावा. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांनी खरिपापूर्वीच्या गावसभांत बियाणे व खते यांच्याबरोबर यंत्राच्या तपासणीचा विषय घ्यावा. शेतकऱ्याने दरवर्षी मृगापूर्वी एक दिवस यंत्रासाठी राखून ठेवावा. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर, सायकलचा पंप व स्वच्छ पेट्रोलची वाटी एवढ्या साहित्यात हे काम होते. ऐन उघडिपीत फवारणी थांबली नाही, म्हणजे या एका दिवसाचे मोल भरून पावते.