आचरेकर सरांचा एक रुपया

या पानावर नेहमी भात, आंबा, काजू यांचीच चर्चा असते. आज विषय जरा वेगळा आहे, पण मशागतीचाच आहे. पोरांच्या मशागतीचा!

शालेय क्रिकेटचे नामवंत प्रशिक्षक रमाकांत विठ्ठल आचरेकर मूळचे मालवणचे. जन्म 1932 चा. त्या काळी मालवण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 साली. तेव्हा सर आपल्याच मातीतले, असं म्हणायला हरकत नाही.

सर स्टेट बँकेत नोकरीला होते. खेळाडू म्हणून त्यांना मोठं नाव मिळालं नाही. बँकेच्या संघातून ते एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, तो 1963 च्या मोसमात मोईनउद्दौला स्पर्धेत. पण दादरच्या शिवाजी पार्कवर आणि शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघात त्यांनी जी पोरं घडवली, ती बघा : चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर. सगळे भारताकडून खेळले.

सरांची पद्धत

पहिली गोष्ट, घाईने निकाल नाही. लहानगा सचिन पहिल्यांदा सरांसमोर आला तेव्हा बुजला, नीट खेळू शकला नाही. भाऊ अजितने विनंती केली, तशी सर लांब जाऊन झाडाआडून बघत राहिले. पोरगा मोकळा खेळला आणि त्याची निवड झाली.

दुसरी, नुसत्या नेटवर भरवसा नाही. पोराने सामनेच खेळायचे. सचिनने एका उन्हाळी सुटीत 60 दिवसांत 55 सराव सामने खेळल्याचं स्वतः लिहिलं आहे. एका मैदानावरचं आटोपलं की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत.

तिसरी, सरावाच्या शेवटी पोरगा दमलेला असताना सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद केलं तर रुपया गोलंदाजाचा, नाबाद राहिला तर फलंदाजाचा. सचिनने अशी 13 नाणी जपून ठेवली. कौतुक मात्र सर तोंडावर कधी करत नसत. पोरगं शेफारू नये, एवढाच हेतू.

याचं पीक फेब्रुवारी 1988 मध्ये दिसलं. आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सचिन (नाबाद 326) आणि विनोद (नाबाद 349) यांनी 664 धावांची भागीदारी केली. तो विश्वविक्रम 2006 पर्यंत टिकला. सरांना 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, 2010 मध्ये पद्मश्री मिळाली. 2 जानेवारी 2019 रोजी ते गेले. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं.

आपल्या गावात काय करता येईल?

तुम्ही म्हणाल, ते मुंबईचं झालं, आमच्याकडे कुठलं शिवाजी पार्क? खरं आहे. आपली पोरं सड्यावर खेळतात, पडली की जांभ्यावर गुडघे सोलतात. पावसाचे चार महिने तर खेळ बंदच. पण भातकापणीनंतर मळे मोकळे होतात. जिथे कुळीथ, पावटा घेत नाही असा एखादा सपाट कुणगा हंगामापुरता पोरांना द्या. पेंढ्याची मुळं खणून काढा, चिकण माती टाका, पाणी मारून चोपा. खळं करता येतं त्याला खेळपट्टी करता येते. बांधाला धक्का लावू नका, म्हणजे पुढच्या भाताचं नुकसान नाही.

सरपंच आणि सदस्यांनी एवढं करावं : शाळेच्या मैदानाची हद्द मोजून घ्यावी, अतिक्रमण होऊ देऊ नये, ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा. शेजारच्या चार शाळांनी मिळून दर शनिवारी सामने ठेवावेत. क्रिकेट नको तर कबड्डी, खो-खो, फुटबॉल चालेल. आणि गावातला एखादा निवृत्त शिक्षक किंवा जुना खेळाडू रोज संध्याकाळी तासभर मैदानावर उभा राहील असं बघावं.

हापूसचं कलम लावल्यावर आपण पहिली काही वर्षं मोहोर खुडतो, झाड सुदृढ व्हावं म्हणून. पोरांचंही तसंच आहे. लगेच बक्षिसं मागू नका. सगळीच पोरं सचिन होणार नाहीत; पण मैदानावर घाम गाळलेलं पोरगं शेतीत काय, नोकरीत काय, लवकर हात टेकत नाही. यंदाच्या कापणीनंतर एक कुणगा बाजूला काढाच.