ट्रॉलीची पिन एकाएकी तुटत नाही

ट्रॉलीची पिन तुटली की 'लोखंडच हलकं निघालं' असं आपण म्हणतो. पण साधं पोलादसुद्धा चौरस मिलिमीटरला सुमारे ४० किलो ताण सोसतं. मग तुटतं कशानं? हिसक्यांनी. एकेक हिसका सोसण्याजोगा असतो; हजारो हिसक्यांनी मात्र केसाएवढी चीर पडते, वाढत जाते. तुटलेल्या पिना आम्ही पाहतो, तेव्हा काही भाग गुळगुळीत, गंजलेला असतो. ती जुनी चीर. उरलेला खरबरीत, ताजा. तो शेवटच्या हिसक्याचा. तरी दर आठवड्याला पिन काढून, पुसून पाहा. चीर दिसल्यास वेल्डिंगवर भागवू नका, नवी घाला. सोबत साखळी लावा. उताराला सुटलेली ट्रॉली कुणाचं पोर आडवं आलं ते पाहत नाही.