न्हावाशेवा ते सिॲटल : बंदरं, व्हायरस आणि कायदा



बेलव्ह्यूला स्वतःचं बंदर नाही. मेडनबाउर बेमध्ये एकेकाळी व्हेलची शिकार करणाऱ्या बोटी हिवाळा काढायला यायच्या, तेवढंच काय ते. पण किंग काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात 'पोर्ट' अशी एक बारीकशी ओळ असते आणि ती रक्कम आपण सगळे मुकाट्याने भरतो. (भाड्याने राहणाऱ्यांनी खूश होऊ नये, घरमालक ती भाड्यातून काढतोच!) हे पोर्ट म्हणजे १९११ साली स्थापन झालेलं पोर्ट ऑफ सिॲटल. सीटॅक विमानतळ त्यांचा, एलियट बेवरचे धक्केही त्यांचे. त्याचे पाच कमिशनर काउंटीतले मतदार निवडून देतात, म्हणजे आपल्यातले सिटिझन झालेलेसुद्धा. तेव्हा बंदराच्या कॉम्प्युटरला कुलूप कोणी लावायचं, हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही.

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार. लेबर डेची गर्दी आठवड्यावर आलेली, आणि सीटॅकवरचे फ्लाइटचे बोर्ड काळे पडले. वायफाय गेलं, बॅगांची यंत्रणा अडखळली, काही एअरलाइन्सना बोर्डिंग पास आणि बॅगांचे टॅग हाताने लिहायची वेळ आली. ज्यांच्या स्वतःच्या सिस्टिम होत्या त्या मोठ्या एअरलाइन्स बऱ्यापैकी सुटल्या. हाल झाले ते विमानतळाच्या सामायिक काउंटरवर विसंबणाऱ्यांचे. हल्ला ऱ्हायसिडा नावाच्या टोळीचा होता. मागणी १०० बिटकॉइनची, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ६० लाख डॉलर. पोर्टाने एक पैसा दिला नाही, आणि ते बरंच केलं. पण माहिती चोरीला गेली ती गेलीच. एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ९०,००० लोकांना तसं कळवावं लागलं.

आता आपल्याकडे वळू. २७ जून २०१७ ला जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी. त्या दिवशी नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला. रोख होता युक्रेनवर. (पुढे २०२० मध्ये अमेरिकेने या प्रकरणात रशियन लष्करी गुप्तहेर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं.) पण मार बसला उरणच्या खाडीकाठी!

कॉम्प्युटर बंद पडला म्हणून बंदर कसं काय बंद पडतं, असं एका मित्राने विचारलं होतं. अहो, कंटेनर यार्डात हजारो डबे एकावर एक रचलेले असतात, आणि बाहेरून सगळे सारखेच. कुठला डबा कोणाचा, कुठल्या रांगेत कितव्या थरावर, कुठल्या जहाजात चढायचा, कस्टमने सोडलाय का, हे सगळं एकट्या टर्मिनलच्या सिस्टिमला माहीत. ती गेली की यार्ड म्हणजे नुसती लोखंडाची भिंत. क्रेन धडधाकट, ड्रायव्हर हजर, पण उचलायचं काय? गेटवर ट्रक येतच राहतात. मग कागद-पेन्सिल घेऊन शोधाशोध.

मर्स्कला त्यानंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा. आणि गंमत पाहा, कंपनीच्या सगळ्या नेटवर्कचा नकाशा ठेवणारी एकच प्रत वाचली, ती घानाच्या ऑफिसात, कारण तिथे नेमकी वीज गेली होती. लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या माणसांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता कायद्याचं. अमेरिकेत ९/११ नंतर, २००२ साली, सागरी वाहतूक सुरक्षा कायदा आला. त्याचा सगळा भर कुंपण, कॅमेरे, पहारेकरी आणि ओळखपत्रांवर. सायबरसाठी सक्तीचे किमान नियम यायला २०२५ उजाडलं. २१ फेब्रुवारी २०२४ ला बायडेन यांनी आदेश काढला, १७ जानेवारी २०२५ ला कोस्ट गार्डचे नियम प्रसिद्ध झाले आणि १६ जुलै २०२५ पासून लागू झाले. हल्ला झाला की लगेच कळवायचं. कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग १२ जानेवारी २०२६ पर्यंत. सायबर सुरक्षा अधिकारी नेमून आराखडा कोस्ट गार्डकडे द्यायचा, त्याला मुदत १६ जुलै २०२७. बाकी मजकूर वाचला तर आपल्यातल्या आयटीवाल्यांना हसू येईल : मशिनबरोबर आलेला पासवर्ड बदला, माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं बंद करा. हे कायद्याने सांगावं लागतं! पण सांगावं लागतं हेच खरं.

वॉशिंग्टन डीसीत जास्त गाजतात त्या चिनी क्रेन. इथल्या बंदरांतल्या जहाजावरून माल उतरवणाऱ्या क्रेनपैकी जवळजवळ ८० टक्के चीनच्या झेडपीएमसी कंपनीच्या आहेत आणि त्या दुरून हाताळता येऊ शकतात. भीती खोटी नाही. पण माझं मत विचाराल तर, जेएनपीटीतलं ते टर्मिनल क्रेनने नव्हे, युक्रेनने बंद पाडलं. साध्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधून शिरलेला किडा यार्डापर्यंत पोचला. त्या दोघांमधली भिंत तपासायचं काम कंटाळवाणं असतं, त्यावर भाषण ठोकता येत नाही.

भारतात वेगळी तऱ्हा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, आणि महत्त्वाच्या यंत्रणांवर देखरेखीसाठी २०१४ पासून एनसीआयआयपीसी आहे. १९०८ चा बंदर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. पण सहा तासांत कळवायचं ते दिल्लीला. गेटवर ताटकळलेल्या ट्रकवाल्याला किंवा द्राक्षांचा कंटेनर अडकलेल्या नाशिकच्या बागायतदाराला कळवण्याचं बंधन त्या निर्देशांत नाही.

फटी इकडेही आहेतच. कोस्ट गार्डचे नियम अमेरिकन झेंड्याच्या जहाजांना लागू. आपले पोहे आणि तूरडाळ आणणारं जहाज बहुधा परदेशी झेंड्याचं. त्याला आयएमओचा २०१७ चा ठराव, जो २०२१ पासून अमलात आला. मालाची कागदपत्रं सांभाळणारे फॉरवर्डर तर या नियमांच्या बाहेरच. फॅक्टोरियात मुख्यालय असलेल्या एक्स्पेडिटर्सवर फेब्रुवारी २०२२ मध्ये हल्ला झाला तेव्हा त्यांचं जगभरातलं काम जवळपास तीन आठवडे रखडलं होतं. आणि सीटॅक? विमानतळ टीएसएच्या अखत्यारीत. म्हणजे पोर्ट एकच, टॅक्सच्या बिलातली ओळही एकच, पण नियमांच्या वह्या दोन.

पोर्ट कमिशनच्या मीटिंगा सगळ्यांसाठी खुल्या असतात आणि तिथे सामान्य माणसाला दोन मिनिटं बोलता येतं. २०२७ चा आराखडा करताना २०२४ मध्ये विमानतळावर जे घडलं त्यातलं काय धक्क्यांसाठी वापरताय, एवढं कोणीतरी तिथे विचारायला हवं. सवड असेल त्यांनी जरूर जावं.