छापील पडद्यांचा व्यवसाय : छपाईपेक्षा माप मोलाचे

उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पुढे चिकाचे पडदे आले, कापडी पडदे तर होतेच, आणि सरकत्या काचांच्या खिडक्या असलेल्या सदनिकांबरोबर नळीवर गुंडाळले जाणारे ‘रोलर ब्लाइंड्स’ही शहरी घरांत रुळले. या पडद्याचे कापड चुण्यांविना सपाट राहत असल्याने त्यावर ग्राहकाच्या पसंतीचे चित्र, छायाचित्र किंवा नक्षी छापून देता येते. मुलांची खोली, बालवर्ग, दवाखाना, उपाहारगृह, कार्यालय अशा अनेक ठिकाणी अशा पडद्यांचा उपयोग होऊ शकतो. छोट्या गाळ्यात, दोन-तीन माणसांच्या बळावर सुरू करता येण्याजोगा हा व्यवसाय आहे.

मात्र त्यात उतरणाऱ्याने एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यायला हवी. विशिष्ट खिडकीसाठी, विशिष्ट ग्राहकाचे चित्र छापून तयार झालेल्या पडद्याला दुसरे गिऱ्हाईक नसते. समजा, एका पडद्याचा कापड, छपाई, नळी व मजुरीसह खर्च दोन हजार रुपये आला आणि त्यावर सहाशे रुपये नफा मिळणार असेल, तर माप चुकल्याने वाया गेलेला एक पडदा तीन पडद्यांहून अधिक पडद्यांची कमाई गिळून टाकतो. त्यामुळे वरकरणी छपाईचा वाटणारा हा धंदा मुळात अचूक मापाचा आहे आणि भांडवलाची आखणीही त्याच विचाराने व्हायला हवी.

छपाईचे यंत्र सुरुवातीलाच विकत घेण्याचा मोह टाळावा. या कामाच्या दोन पद्धती अधिक रूढ आहेत. ‘सब्लिमेशन’ पद्धतीत चित्र आधी विशिष्ट कागदावर उलटे छापतात आणि तो कागद सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला कापडावर दाबतात. उष्णतेने शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. त्यामुळे चित्र घासून निघत नाही, पण सुती कापडावर ही शाई टिकत नाही. दुसऱ्या पद्धतीत शाई थेट कापडावर पडते आणि अतिनील प्रकाशात तत्काळ वाळते. लेप दिलेल्या, प्रकाश पूर्ण अडवणाऱ्या कापडावर ती चालते. मात्र शाईचा थर जाड असेल, तर वारंवार गुंडाळल्याने त्याला भेगा पडण्याची शक्यता असते. ही दोन्ही कामे मोठी छपाई करणाऱ्यांकडून जॉबवर्कवर करून घेता येतात. स्वतःकडे कापड कापण्याचे लांबरुंद टेबल, ॲल्युमिनियमची नळी कापण्याची करवत, ड्रिल मशीन आणि उत्तम मोजपट्टी एवढी सामग्री पुरेशी आहे. वर्षभरातील मागणी पाहिल्यानंतरच यंत्राचा विचार करावा.

माप घेण्याचे काम ग्राहकावर किंवा नवशिक्या मदतनिसावर सोपवू नये. भिंती व चौकटी क्वचितच काटकोनात असतात. पडदा चौकटीच्या आत बसवायचा असेल, तर रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजून त्यांतील सर्वांत कमी माप धरावे. बाहेर बसवायचा असेल, तर दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच अधिक घ्यावे. साखळीचा गिअर व आधाराच्या पट्ट्या यांमुळे कापड एकूण रुंदीपेक्षा सुमारे तीन सेंटिमीटर अरुंद असते. म्हणून मागणीपत्रावर माप पट्टीसह आहे की केवळ कापडाचे, हे स्पष्ट लिहावे. पडदा पूर्ण खाली आला तरी नळीवर कापडाचा वेढा उरला पाहिजे, यासाठी लांबीही अधिक ठेवावी. खिडकीची मूठ, जाळी, वातानुकूलन यंत्राची नळी असे अडथळे त्याच वेळी टिपून घ्यावेत.

चित्राच्या निवडीतही तांत्रिक बाबी आहेत. पूर्ण आकारात प्रति इंच १०० बिंदू मिळावेत असे धरले, तर चार फूट बाय पाच फूट पडद्यासाठी ४,८०० बाय ६,००० बिंदूंचे चित्र लागते. मोबाइलवरून आलेली लहान आकाराची छायाचित्रे येथे पुसट दिसतात. शिवाय अर्धपारदर्शक कापडातून दिवसा ऊन आत येते, तेव्हा फिके रंग आणखी उडालेले भासतात आणि खिडकीच्या गजांची सावली चित्रावर उमटते. म्हणून कापडाचा छापील नमुना ग्राहकाला त्याच्याच खिडकीत धरून दाखवावा. पडदा दिवसभर अर्धाच खाली राहणार असेल, तर चित्राचा मुख्य भाग खालच्या अर्ध्यात घ्यावा. पश्चिमेकडच्या खिडकीत रंग लवकर फिके पडू शकतात, हे आधीच सांगितलेले बरे.

इंटरनेटवर सापडलेले प्रत्येक चित्र छापता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या कृतीचे हक्क अबाधित राहतात. १९०६ मध्ये निधन पावलेल्या राजा रविवर्मा यांची चित्रे या मर्यादेबाहेर आहेत. आजच्या चित्रकाराचे वा छायाचित्रकाराचे काम वापरायचे, तर लेखी परवानगी आवश्यक ठरते.

सर्वांत गंभीर प्रश्न लहान मुलांच्या सुरक्षिततेचा आहे. पडद्याच्या लोंबत्या साखळीचा फास मुलाच्या गळ्याभोवती बसून प्राणघातक अपघात झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये तयार मापाच्या पडद्यांसाठी आणि २०२४ पासून मागणीनुसार बनवल्या जाणाऱ्या पडद्यांसाठीही याबाबतचे मानक कडक झाले. आपणही साखळी भिंतीला ताणून बसवणारी कडी लावल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये. मुलांच्या खोलीसाठी साखळीविरहित, स्प्रिंगवर चालणारी रचना सुचवावी. बालवर्गासाठी तर तोच पर्याय योग्य.

उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून ऑनलाइन व विनाशुल्क होते. भांडवलासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली मुद्रा योजना, तसेच राज्य शासनाचा २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांची माहिती घेता येईल. अटी वेळोवेळी बदलत असल्याने जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष चौकशी करावी. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. मात्र पडदे बसवून देण्याची सेवा किंवा परराज्यांतील विक्री असेल, तर नियम वेगळे लागू होऊ शकतात. त्याबाबत कर सल्लागाराचे मत घ्यावे.

कापड कापण्यापूर्वी माप आणि चित्राचा नमुना यांवर ग्राहकाची स्वाक्षरी, निम्मी रक्कम आगाऊ आणि स्वतः दुसऱ्यांदा पडताळलेली मापे, एवढी शिस्त पाळणाऱ्याचे नुकसान आटोक्यात राहते. पहिल्या दहा-बारा खिडक्या चोख बसल्या, तर त्याच इमारतीतील शेजारी पुढची मागणी घेऊन येतात. लहान व्यावसायिकाला याहून स्वस्त जाहिरात मिळणे कठीण.